घोरण्याचं नाव काढायचं नाही

भागाबाईनं गोधडी काखोटीला मारली, उशी हातात घेतली आणि भर दुपारी, सगळ्या गल्लीच्या देखत, ती शेजारच्या शिलाच्या घरी झोपायला निघाली.

तिचा नवरा भुजंग ओसरीवर बसून एका करडाला बाटलीनं दूध पाजत होता. त्यानं मान वर केली.

"कुठं निघालीस?"

"झोपायला."

"आता? दुपारचं?"

"आता अंथरूण नेऊन ठेवते, रातच्याला झोपते. तुमची बाज, तुमचं घर, तुमचं घोरणं, सगळं तुमालाच लखलाभ!"

"मी घोरत न्हाई," भुजंग म्हणाला.

झालं. याच एका वाक्यापायी भागाबाईचं डोकं फिरलं होतं. भुजंग तसा काही हेकेखोर माणूस नव्हता. मेंढरं विकताना आपण फसलो हे तो चारचौघांत कबूल करायचा, तोंडी हिशेब जमत नाही हेही सांगायचा. पण घोरण्याचा विषय निघाला की हा गडी पहिलवानासारखा शड्डू ठोकून उभा राहायचा. "मी घोरलो असतो तर मला आईकू आलं नसतं का? माझे कान काय शेळीनं खाल्ले?" असा त्याचा सवाल असे. एकदा त्याच्या पोरीनं, राजनंदिनीनं, मोबाईलवर त्याचं घोरणं भरून घेतलं आणि सकाळी त्याला ऐकवलं. भुजंगनं डोळे बारीक करून मन लावून ऐकलं.

"हे देविदासचं ट्रॅक्टर हाय," तो म्हणाला. "सायलेन्सर गेलंय त्याचं."

मोबाईलमधला आवाज मध्येच थांबला. सगळं चिडीचूप.

"हं, बंद केलं त्यानं," भुजंग म्हणाला.

मग एक मोठा आचका आणि पुन्हा घर्रर्र सुरू.

"केलं बग पुन्हा चालू! एवढ्या रातचं काय नांगरून राहिला हा देविदास?"

आता अशा माणसाला काय समजावणार? आणि खरं सांगायचं तर आवाजाची भागाबाईला तकलीफ नव्हतीच. तिचं माहेर पिठाच्या गिरणीला लागून होतं, आवाजात झोपायची तिला लहानपणापासून सवय. तिचा जीव जायचा तो आवाज बंद पडला की. भुजंगचा श्वास मध्येच अडकायचा. छाती हलायची, पण नाकातोंडातून काही जायचं नाही की यायचं नाही. भागाबाई अंधारात डोळे फाडून पाहत राहायची, आता घेईल, मग घेईल. नाहीच घेतला तर त्याच्या बरगडीत कोपर मारायची. तेव्हा कुठे तो आचका देऊन श्वास ओढायचा आणि कूस बदलून पुन्हा सुरू व्हायचा. लग्न झाल्यापासून दोनेक वर्षं सोडली, तर बाकी सगळ्या रात्री तिनं अशी राखण करण्यात घालवल्या होत्या. दिवसा ती भाकरी थापता थापता पेंगायची. भुजंगही पेंगायचा, न्हाव्याच्या खुर्चीत, सोसायटीच्या बैठकीत, शेळ्यांमागं. पण तो त्याला पेंगणं म्हणत नसे. "डोळे मिटून इचार करून राहिलो," म्हणे.

हा आजार असतो, त्याचा डॉक्टर असतो, झोपताना नाकाला लावायचं मशीन मिळतं, हे राजनंदिनीनं हिंगोलीच्या कॉलेजात कुणाकडून तरी ऐकलं. भागाबाईनं लगेच हिंगोलीचा धोशा लावला. भुजंग म्हणाला, "धडधाकट माणसाला दवाखान्यात नेतेस? लोक काय म्हनतील?" त्यावर भागाबाईनं गोधडी उचलली. एकटा पडला की अक्कल येईल, असा तिचा हिशेब होता.

पण त्या हिशेबात एक गोची होती. शिलाचं घर आणि भुजंगचं घर यांच्यात एकच भिंत. भागाबाई अंथरूण घेऊन गेली खरी, पण कान भिंतीलाच राहिले. पलीकडे आवाज बंद पडला की ती उठायची आणि मुसळानं भिंत ठोकायची. धाड! धाड! पलीकडे आचका ऐकू आला की मुसळ ठेवायची.

"भागाबाई," शिला दुसऱ्या दिवशी डोळे चोळत म्हणाली, "माय, तू नवऱ्याला सोडून आलीस का माझी भिंत पाडायला आलीस? पोपडे पडून राहिले माझ्या अंगावर."

"मंग काय करू? मरू देऊ त्याला?"

"मी कुठं तसं म्हनलं? पन तू त्याच्यापाशी झोपत व्हतीस ते माझ्यासाठी बरं व्हतं."

गावाला कान असतात, पण सगळं ऐकायला वेळ नसतो. भुजंगची बायको गोधडी घेऊन घराबाहेर पडली, हे सगळ्यांनी पाहिलं होतं. रात्री त्या घरातून धाडधाड आवाज येतात, हे सगळ्यांनी ऐकलं होतं. बाकीचं लोकांनी आपापल्या घरी बसून जोडलं. पुसेगावच्या बसस्टँडवर 'भुजंगचं न् बायकोचं बिनसलं' एवढंच होतं. बस सेनगावला पोचेपर्यंत त्यात मारामारी शिरली. आणि ही बातमी कनेरगाव नाक्याला व्यंकटरावांच्या ढाब्यावर उतरली, तेव्हा भुजंगची सोडचिठ्ठी होऊन तो दुसरी बायको शोधून राहिला होता.

व्यंकटराव म्हणजे राजनंदिनीचे होणारे सासरे. म्हणजे अजून झाले नव्हते, पण पाहणी झाली होती, पसंती झाली होती, फक्त बोलणी बाकी होती. त्यांचा पोरगा प्रभू ढाबा सांभाळायचा. राजनंदिनीला तो मनापासून आवडला होता. हे तिनं कुणालाच सांगितलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना माहीत होतं.

ही सोयरीक जमवत होता तो ट्रॅक्टरवाला देविदासच. तो चपला हातात घेऊन पळत आला.

"भुजंगा, घात झाला! व्यंकटरावचा फोन आला व्हता. म्हनले, ज्या घरात आईबापाचं पटत न्हाई तिथली पोरगी आमी कशी करावी? परवा येऊन राहिले ते. घर पाहायला म्हनून, पन येणार तुमा दोघाला पाहायला!"

राजनंदिनी चुलीपाशी बसली होती, तिथेच तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पोरीचं रडणं पाहून भागाबाई शिलाच्या घरून गोधडीसकट परत आली. शिलानं देवापुढे साखर ठेवली.

भुजंगनं इथेच डाव साधला. बायको स्वतःहून परत आलीय म्हटल्यावर गड्याला चेव आला.

"ये, पन एक शर्त," तो मिशीला पीळ देत म्हणाला. "पाव्हणे जेवून जाईस्तोवर मी जर त्याच्याम्होरं घोरलो, तर तू म्हनशील त्या दवाखान्यात येतो. आन् न्हाई घोरलो, तर पुन्हा ह्या घरात घोरण्याचं नाव काढायचं न्हाई. जल्मात न्हाई!"

"कबूल!" भागाबाई तडकून म्हणाली. देविदास साक्षीला होताच.

ती बोलून गेली खरी, आणि मग चुलीपुढे बसल्यावर तिच्या डोक्यात उजेड पडला. नवरा पाहुण्यांपुढे घोरला, तर ती जिंकणार, पण घोरत पडलेला यजमान पाहून पाहुणे उठणार आणि पोरीचं लग्न मोडणार. नवरा जागा राहिला, तर लग्न जमणार, पण तो दवाखान्याचं तोंड कधी पाहणार नाही, आणि एखाद्या रात्री तिचा डोळा लागला की सगळंच संपणार. पोरगी वाचवावी की नवरा? भागाबाईला काही सुचेना. तिनं डाळ शिजायला टाकली.

"पुरनपोळी?" शिला डोकावून म्हणाली. "वर तूप? अगं, हे जेवून तो माणूस जागा राहील का?"

"मंग पाव्हण्याला काय पिठलं घालू?"

राजनंदिनीनं पुरणाकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं.

"माय, तू नक्की कुणाकडून हायस?"

भागाबाई पुरण वाटत राहिली.

राजनंदिनीला मात्र आपण कुणाकडून आहोत हे पक्कं ठाऊक होतं. तिनं सकाळपासून बापाला कोऱ्या चहावर चहा पाजला. त्याच्या सदऱ्याच्या खिशात हिरव्या मिरच्या भरल्या. डोळा लागतोय असं वाटलं की एक चावायची, असं बजावलं. आणि देविदासला भुजंगच्या शेजारी बसवायचं ठरवलं. त्यानं मागून चिमटे काढायचे होते.

पाहुणे आले. व्यंकटराव भुजंगपेक्षाही थोराड, मान कुठे संपते आणि खांदे कुठे सुरू होतात ते कळू नये असे. मागोमाग प्रभू, खाली मान घालून. आणि सगळ्यात शेवटी व्यंकटरावांची बायको, ताराबाई. बारीक चणीची बाई, डोळ्यांखाली काळं. भागाबाईनं तिला कुंकू लावताना तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं आणि तिला उगाचच या बाईची माया वाटली.

जेवणं झाली. व्यंकटरावांनी पोळ्या तुपात बुडवून खाल्ल्या, भुजंगलाही आग्रह केला, आणि पाहुण्यांचा आग्रह मोडता येत नाही म्हणून भुजंगनंही बुडवून खाल्ल्या. राजनंदिनीनं दारामागून कपाळाला हात लावला.

आता आपल्याकडची रीत अशी की जेवल्यावर पाहुण्याला सतरंजी टाकून द्यायची, लोड द्यायचा, आणि पाहुणा उठेपर्यंत यजमानानं जागचं हलायचं नाही. शेळ्या पाहतो, पाणी आणतो, असं काही चालत नाही. पाहुण्याला सोडून गेला म्हणतात. भुजंग ओसरीवर पुरता अडकला. त्यातून बाहेर ऊन रणरणतं, अंगणात शिजवलेली हळद वाळत घातलेली, तिचा वास आणि ओसरीची सावली. धड जागा माणूसही पेंगला असता.

"घटकाभर लवंडा," भुजंग म्हणाला. पाहुणा झोपला तर आपणही बसल्या बसल्या डोळे मिटून विचार करू, असा त्याचा बेत होता.

"छे छे, मी दुपारी झोपत न्हाई," व्यंकटराव म्हणाले, लोडाला टेकले आणि आपल्या बांधाची गोष्ट सांगू लागले. त्यांच्या चुलतभावानं बांध कसा कोरला, मग मोजणी कशी आणली, मोजणीवाल्यांनी साखळी कुठून धरली. व्यंकटरावांचा आवाज संथ, एकसुरी, विहिरीवरच्या मोटारीसारखा. भुजंगच्या पापण्या जड झाल्या. त्यानं एक मिरची चावली. मग दुसरी. डोळ्यांतून पाणी आलं, पण पापण्या काही वर जाईनात. मान छातीवर उतरू लागली, तसा देविदासनं मागून चिमटा काढला, आणि काढला तो मन लावून काढला.

"आय आय गं!" भुजंग कळवळला.

नेमक्या त्याच वेळी व्यंकटराव म्हणत होते, "त्याच साली आमची आई वारली."

व्यंकटराव थांबले. भुजंगच्या डोळ्यांतलं पाणी पाहून त्यांनाही भरून आलं.

"लई हळवं मन हाय तुमचं," ते म्हणाले. "लोक काहीबी बोलतात. मी उगाच शंका घेतली." आणि खूश होऊन त्यांनी बांधाची गोष्ट पुन्हा पहिल्यापासून धरली.

दारामागं तिघी उभ्या होत्या. राजनंदिनी मनातल्या मनात देवांना नवस बोलत होती. शिला मजा पाहत होती. भागाबाईचं काळीज मात्र खालीवर होत होतं. भुजंगची मान खाली गेली की तिला वाटायचं, झोप रे बाबा, एकदाचा झोप. मान वर आली की वाटायचं, बरं झालं, पोरीचं तरी होऊ दे. स्वतःचाच राग येऊन ती पदर चावत होती. ताराबाई एका कोपऱ्यात भिंतीला टेकून गप्प बसली होती.

आणि मग तो आवाज आला. घर्रर्रर्र!

राजनंदिनीनं डोळे गच्च मिटले. शिला हळूच म्हणाली, "गेलं लगीन." आपण जिंकलो की हरलो, हे भागाबाईलाही कळलं नाही.

पण भुजंग तर टक्क जागा होता! डोळे वटारून, ताठ बसून तो समोर पाहत होता. समोर व्यंकटराव, मोजणीची साखळी अर्धवट सोडून, लोडावर मान टाकून घोरत होते. ओसरीचे पत्रे थरथरत होते.

भुजंगला आनंदानं काय करू आणि काय नको असं झालं. त्यानं मांडीवर थाप मारली.

"आईकलं का, भागा? घोरणं म्हनत्यात ते ह्याला! असं करतो का मी? कवा केलं सांग! बाप रे, काय तो आवाज! माणूस हाय का गिरणी?"

"आरं हळू, हळू!" देविदास दोन्ही हातांनी खुणा करू लागला. ताराबाईनं मान खाली घातली. प्रभू कानापर्यंत लाल झाला. पण भुजंगला आता कोण आवरणार?

"शर्त जिंकली! देविदास, तू साक्षीला हायस! पाव्हणा घोरला, पन मी घोरलो न्हाई!"

तेवढ्यात व्यंकटरावांचा आवाज थांबला.

भुजंग हसत होता. हसता हसता त्यानं व्यंकटरावांकडे पाहिलं. छाती वर ओढली जात होती, पोट आत जात होतं, पण आवाज नाही. नाकातून वारा नाही. भुजंगचं हसू थोडं आखडलं. तो वाट पाहत राहिला. ओठ काळपट दिसू लागले. हसू पार गेलं.

"देविदास," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला, "ह्याचा श्वास कुठं गेला?"

देविदासनं आ वासला. दारातून भागाबाई शांतपणे पाहत होती. कोपऱ्यातून ताराबाईही शांतपणे पाहत होती.

"आरं देवा! माणूस गेला! माझ्या ओसरीवर पाव्हणा गेला!" भुजंग उडी मारून उठला. त्यानं पाण्याचा तांब्या उचलला आणि व्यंकटरावांच्या तोंडावर रिता केला. देविदास कांदा आणायला धावला तो दावणीला अडखळला, दावण सुटली, शेळ्या अंगणात घुसल्या आणि वाळत घातलेल्या हळदीतून नाचत गेल्या. आरडाओरडा ऐकून गल्ली गोळा झाली, कुणी कांदा म्हणतंय, कुणी चप्पल हुंगवा म्हणतंय. भुजंग व्यंकटरावांचे खांदे धरून गदागदा हलवत होता आणि स्वतःच रडत होता. "ओ व्यंकटराव! ओ दादा! असं करू नका हो! घ्या ना श्वास! घ्या की हो!"

ताराबाई उठली. पदर खोचला, गर्दीतून वाट काढली, आणि नेमक्या बरगडीत, सरावाच्या हातानं, बोटाचं पेर मारलं.

"हं, घ्या," ती म्हणाली.

व्यंकटरावांनी मोठा आचका दिला, वारा आत ओढला आणि डोळे उघडले.

"तर मंग मी तहसीलदाराला म्हनलं," ते म्हणाले, "की ही साखळीच खोटी हाय." मग त्यांनी आपला ओला सदरा चाचपला. "पाऊस आला का?"

भुजंग मटकन खाली बसला.

"वहिनी, हे असं..." तो ताराबाईला म्हणाला. "असं नेहमी व्हतं?"

"रोज रातच्याला. कितींदा, ते मोजायचं सोडलं मी."

"आन् तुमी जाग्या असता?"

"मंग कोण असणार?"

भुजंग तिच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे पाहत राहिला. मग त्यानं सावकाश मान वळवली. दारात भागाबाई उभी होती. तिच्याही डोळ्यांखाली तसंच काळं होतं. इतकी वर्षं ते त्याच्या डोळ्यांसमोर होतं आणि ते चुलीच्या धुरानं झालंय असं तो समजत आला होता.

"भागा, मी बी असंच करतो?"

भागाबाईनं ओठ घट्ट मिटले.

"सांग की!"

"मी काय सांगू? त्याचं नाव काढायचं न्हाई असं ठरलंय. शर्त तुमी जिंकलात."

"भागा, अगं..."

"शर्त म्हंजे शर्त. इचारा देविदासभाऊला."

शिला तोंडाला पदर लावून हसू दाबत होती. भुजंगला काही हसू येत नव्हतं. त्याच्या डोळ्यांसमोरून ते काळपट ओठ हलत नव्हते.

"म्हंजे तू रोज हे पाहत व्हतीस? एकलीच? आन् मी तुला ट्रॅक्टर म्हनून सांगत व्हतो?"

आता मात्र भागाबाईला राहवलं नाही. इतक्या वर्षांचं सगळं डोळ्यांवाटे बाहेर आलं. "मंग कुणाला सांगणार व्हते? तुमी तर झोपलेले असायचात! मला रोज वाटायचं, आज माझा डोळा लागला तर सकाळी हा माणूस उठायचा न्हाई."

भुजंग उठला. पाहुण्यांसमोर, गल्लीसमोर, दावण सुटलेल्या शेळ्यांसमोर तो बायकोपुढे जाऊन उभा राहिला. पण हा गडी सरळ हार मानेल तर भुजंग कसला?

"शर्त मी जिंकली का न्हाई?" तो मोठ्यानं म्हणाला.

"जिंकली."

"मंग जिंकलेल्या माणसाचं आईकायचं. उद्या सकाळच्या बसनं मला हिंगोलीला घेऊन चल. नाव काढायची गरज न्हाई. नाव न काढता घेऊन चल."

राजनंदिनीनं रडत रडत टाळी वाजवली आणि मग जीभ चावली. व्यंकटराव टॉवेलनं डोकं पुसत होते.

"हे बगा," ते खाकरून म्हणाले, "ह्या घरात भांडण हाय असं आमी आईकलं व्हतं. खरं का खोटं?"

"खरं हाय," उत्तर ताराबाईनं दिलं. आता तिचा आवाज चांगलाच चढला होता. "आन् बराबर हाय. असं भांडण मी बी करायला पायजे व्हतं, माझ्यात धमक न्हाई झाली. मला हीच पोरगी पायजे. पन आमची एक मागणी हाय."

मागणी म्हटल्यावर देविदास सावरून बसला. राजनंदिनीनं प्रभूकडे पाहिलं, प्रभूनं जमिनीकडे पाहिलं.

"तुमी दवाखान्यात जाताना," ताराबाई म्हणाली, "आमच्या ह्याला बी घेऊन जायचं."

"मला?" व्यंकटराव उसळले. "मला काय धाड भरली? मी कवा घोरलो? ते रस्त्यावरनं ट्रक गेला असंल!"

ओसरीवर जो काही हशा पिकला! भुजंग मात्र हसला नाही. तो व्यंकटरावांच्या शेजारी जाऊन बसला, त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लहान लेकराला समजावावं तसा म्हणाला, "व्याही, आमच्या ह्या गल्लीत ट्रक शिरतो व्हय? तुमी घोरता. माझं आईका. माणसाला सोताचं आईकू येत न्हाई."

दुसऱ्या दिवशी दोन्ही व्याही आपापल्या बायकांच्या पहाऱ्यात हिंगोलीच्या दवाखान्यात बसले होते. डॉक्टरांनी विचारलं, "काय त्रास आहे?" तर भागाबाई म्हणाली, "डॉक्टरसायेब, मला नाव काढायची बंदी हाय. ह्यालाच इचारा." आणि भुजंगला स्वतःच्या तोंडानं, सगळं, श्वास अडकण्यापासून ट्रॅक्टरपर्यंत, सांगावं लागलं. मग तपासण्या झाल्या. अंगाला वायरी लावून दोघांनाही झोपवून पाहिलं. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर केला असता तर हृदयावर आलं असतं. वजन उतरवा, कुशीवर झोपा आणि मशीन लावा. भुजंगचं मशीन आधी आलं. व्यंकटरावांचं मागाहून यायचं होतं.

आणि भुजंगनं मशीन लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लग्नाची तारीख काढायला पाहुणे पुसेगावला हजर झाले. ऊन पार अंगणात आलं होतं. शेळ्या ओरडत होत्या. चूल थंड होती. भुजंग दारात उभा होता, ताजातवाना, अंघोळ केलेला, आणि तोंडावर बोट ठेवून सगळ्यांना खुणावत होता.

"काय झालं?" व्यंकटरावांनी घाबरून विचारलं.

"हळू बोला. भागा झोपलीय."

"आता? एवढं ऊन वर येईस्तोवर?"

"लई वर्षांचं हाय ते," भुजंग कुजबुजला.

शिला भाकरीचं पीठ मागायला आली, तिला त्यानं वाटेतूनच परत धाडलं. पाहुण्यांना त्यानं अंगणात लिंबाखाली सतरंजी टाकून दिली. देविदासनं पंचांग काढलं आणि दोन घरची लग्नाची बोलणी कुजबुजत सुरू झाली. मानपान कुजबुजत झाला. मुहूर्तावरून व्यंकटराव आणि देविदास यांच्यात भांडण लागलं, तेही कुजबुजत.

पण भुजंगचं चित्त काही थाऱ्यावर नव्हतं. तो सारखा उठून दारातून आत डोकवायचा. भागाबाई एका कुशीवर पडली होती, हलत नव्हती, आवाज नव्हता. त्याला ते काळपट ओठ आठवले. तो आत गेला, वाकला, तिच्या नाकापाशी कान नेला. काही कळेना.

"भागा! ए भागा! उठ!"

भागाबाई दचकून उठली. "काय झालं? काय पेटलं का?"

"न्हाई. श्वास चालू हाय का, पाहत व्हतो."

भागाबाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागं सरला. ती तशीच विस्कटल्या केसांनी दारापर्यंत आली. बाहेर सतरंजीवर अख्खं लग्नघर बसलं होतं. दुसरा कुठला दिवस असता तर ती शरमेनं मेली असती. तिनं सगळ्यांवरून एक नजर फिरवली, पदर सारखा केला आणि मोठी जांभई दिली.

"रामराम पाव्हणे," ती म्हणाली. "च्या हे करतील. मी अजून थोडी झोपते." आणि आत गेली.

देविदासचं पंचांग हातातच राहिलं. तेवढ्यात ताराबाई उठली, चपला काढल्या आणि भागाबाईच्या मागोमाग आत शिरली.

"भागाबाई, जरा सरक माय," तिचा आवाज बाहेर आला. "आमचं मशीन अजून आलं न्हाई."

आतून कडी लागली.

भुजंग आणि व्यंकटराव निमूट उठले आणि चुलीपाशी जाऊन बसले. भुजंगनं चूल पेटवली, व्यंकटरावांनी दूध ओतलं, पत्ती सापडली. साखरेचा डबा मात्र कुठं दिसेना. राजनंदिनीला ठाऊक असणार, पण ती पार तिकडे हळदीच्या पलीकडे प्रभूशी बोलत उभी होती, आणि तिला बोलवायचं तर ओरडावं लागलं असतं.

"आत इचारून येऊ का?" व्यंकटराव कुजबुजले.

"कायच्या काय!" भुजंग त्यांच्या अंगावर आला, तोही कुजबुजत. "झोपल्यात त्या."

दोघांनी कोरडे ओठ ओले करत बिनसाखरेचा चहा प्याला, आणि पोरांच्या लग्नाची तारीख ठरवून टाकली.